जिनाप्पांची स्थळं

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले, की जिनाप्पा मगदूम उंबऱ्याबाहेर चपला काढतात, डोळे मिटतात आणि त्या घराचा वास घेतात. चांगला छाती भरून घेतात. घरच्या लोकांना वाटतं, म्हातारबुवा देवाचं नाव घेतायत. काही भाबड्या सुना त्यांच्याबरोबर हात जोडून उभ्याही राहतात. मग डोळे उघडून ते म्हणतात, "हं. चला, आत बगू." किंवा म्हणतात, "बरं, येतो आमी," आणि खरोखरच मागे फिरतात. पायात चपला, खांद्यावर पिशवी, आणि मागोमाग ओशाळ्या चेहऱ्याने मी.

जिनाप्पा निपाणीत आमच्या समोर राहतात. उभा जन्म त्यांनी तंबाखूच्या वखारीत काढला. पानं चुरगाळून, नाकाला लावून माल कुठल्या दर्जाचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. शेतकरी कितीही शपथा घेऊ दे, जिनाप्पांच्या नाकापुढे कुणाचं चालत नसे. स्वतः मात्र आयुष्यात चिमूटभर तोंडात टाकली नाही. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. जिनाप्पांची सून बंगळूरला, त्यामुळे ते कुत्र्यांच्या मागे लागले.

रस्त्यावरची कुत्री उचलायची, घरामागच्या परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायची, औषधपाणी करायचं, डॉक्टरकडून टोचून आणायची आणि मग त्यांना चांगली घरं बघून द्यायची. यातलं पहिलं काम पुष्कळ लोक करतात. शेवटचं काम जिनाप्पांसारखं करणारा माणूस मी पाहिलेला नाही. ते घर शोधत नाहीत, स्थळ शोधतात.

"बाई, एक स्थळ आलंय," असं ते सकाळी दारात येऊन मला सांगतात. मी शाळेत शिकवते म्हणून सगळ्या गल्लीची बाई. "सांबऱ्याचं हाय. मानसं शेतकरी, पोरगा बेळगावात नोकरीला. दोन म्हशी. माझं मन म्हनतंय, धाकटीला बरं हाय."

धाकटी म्हणजे त्यातल्या त्यात लहान कुत्री. जिनाप्पा कुत्र्यांना नावं ठेवत नाहीत. थोरला, धाकटी, स्टँडवरचा, पंक्चरवाल्याची, एवढ्यावर भागवतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाव सासरी ठेवत्यात, बाई. आपन कशाला लळा लावायचा?"

प्रत्येक कुत्र्याची माहिती मी माझ्या अक्षरात लिहून द्यायची. रंग गव्हाळ. वय अंदाजे दीड. ऑपरेशन झालेले. आहार दूध-भाकरी. गाडीमागे धावण्याची सवय होती, आता नाही. खाली शेवटची ओळ कायम असते, "मराठी व कन्नड दोन्ही समजते." आणि ते खरंच असतं. परड्यात रोज सकाळी तासभर जिनाप्पा आधी "हिकडं ये" आणि मग "बा", आधी "बस" आणि मग "कुंड्रु" असा दुहेरी वर्ग घेतात. "सीमाभागातलं कुत्रं हाय," म्हणतात. "त्येचं नशीब कुठल्या घरात निगंल, काय सांगावं."

आता स्थळ बघायला मी कशाला? तर बायकांची चौकशी बायकांनी करायची, पुरुषांनी बाहेरच्या सोप्यात बसायचं, ही आपली जुनी रीत. जिनाप्पा बाहेर खुर्चीच्या टोकावर बसतात. मुलीकडची बाजू म्हणून पाठ टेकत नाहीत, पण प्रश्न मुलाकडच्यांसारखे विचारतात. घरात दारू? मोठ्यानं बोलायची सवय? दिवाळीत फटाके किती? आणि मला डोळ्यांनी खूण करतात, की जावा आत.

आत जाऊन मी भाकऱ्या मोजायच्या. हे जिनाप्पांचं खास शास्त्र आहे. "मानसाला दोन धरून मोजून भाकरी करत्यात, त्या घरात कुत्रं द्यायचं न्हाय," ते म्हणतात. "चार जास्तीच्या पडल्या पायजेत. त्या चारात कुत्रं जगतंय, पाव्हनं जगतंय, भिकारी जगतोय." तेव्हा मी पदर सावरत, "काय हो, आज काय केलंय?" करत भाकरीच्या बुट्टीत डोकावायचं. इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण भाकऱ्यांची बुट्टी तपासायचा मान जिनाप्पांमुळे मिळाला.

मग पोहे येतात. जिनाप्पा जैन, कांदा खात नाहीत. ते पोह्यांतला कांदा वेचत बसत नाहीत, अख्खी ताटली माझ्याकडे सरकवतात आणि यजमानांना बजावतात, "कुत्र्याला बी कांदा द्यायचा न्हाय बरं का. इख हाय त्याला. कुत्रं मूळचंच जैन." शेजारी मटणाचं पातेलं रटरटत असलं तरी हे वाक्य ते त्याच गांभीर्याने म्हणतात.

एकदा हमरस्त्याच्या बाजूच्या एका बड्या बागायतदाराकडून बोलावणं आलं. दुमजली बंगला, दारात दोन ट्रॅक्टर. वास घेऊन झाला, पास झाला. भाकऱ्या तर मोजता येऊ नयेत इतक्या. मी मनातल्या मनात पाठवणीची तयारी करत होते. तेवढ्यात मालकांनी कौतुकाने नवीकोरी साखळी आणून दाखवली. चांगली बोटभर जाड. जिनाप्पा उठले.

"मालक, तुमास्नी कुत्रं नगं. तुमास्नी कुलूप पायजे. ते बाजारात मिळतंय."

मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्या घरात पोरगी द्यायला लोक रांगा लावत्यात," ते म्हणाले, "आनि तुमी कुत्रं द्याया नडालाय व्हय?"

"पोरगी तोंडानं सांगती, दुखलं खुपलं तर," जिनाप्पा म्हणाले. "हे कुणाला सांगंल?" आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "पोतं झ्याक हाय बाई. आत काड्या हायत." वखारीतली भाषा. चांगल्या पोत्यात तंबाखूच्या नुसत्या काड्या भरून आणणारे शेतकरी त्यांनी जन्मभर पाहिलेले.

स्थळ पसंत पडलं, की पाठवणी. कुत्र्याबरोबर त्याचं झोपायचं पोतं आंदण म्हणून जातं. धुवायचं नाही, अशी ताकीद. अंगाचा वास राहतो, पहिल्या रात्री रडत नाही. आणि महिन्याभराने जिनाप्पा तिकडे फेरी मारतात. "हितनंच चाललोतो, म्हटलं डोकावावं." लोंढ्याला रेल्वेतल्या एका कुटुंबाकडे थोरला दिलाय. लोंढा कुठे, निपाणी कुठे. तीन गाड्या बदलून, जंगलातून, निम्मा दिवस घालवून हा माणूस तिथे उगवतो आणि सांगतो, हितनंच चाललोतो. ते लोकही मोठे समंजस. विचारत नाहीत, की आप्पा, इथून पुढे कुठे चाललात.

आमच्या घराचं काय, असं तुम्ही विचाराल. आमचं घर नापास आहे. वासात नव्हे. आमचे हे कुत्रं दिसलं की छताच्या पंख्याकडे बघतात, पाय वर घेतात आणि तोंडाने "हाड" म्हणायचा धीर होत नाही म्हणून मला हाक मारतात. जिनाप्पांनी एकदाच पाहिलं आणि निकाल दिला. "साहेबांची तब्येत बरी न्हाय हुयाची. राहू द्या." तेव्हापासून आमचे हे जिनाप्पांना फार मानतात.

आता जे सांगायचंय ते म्हातारीबद्दल.

म्हातारी म्हणजे तोंडावर पांढरी झालेली, एका कानाने कमी ऐकणारी तांबडी कुत्री. जिनाप्पांनी ती चिकोडीकडच्या एका गावातून आणली. शेतात घावली, म्हणाले. ती कधी भुंकत नसे. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत राही. तिला स्थळ येईना. लोकांना पिल्लू पाहिजे, नाहीतर राखणीला दांडगं पाहिजे. सात महिने झाले, परड्यातली बाकीची येऊन गेली, म्हातारी तिथेच.

"मग तुम्हीच ठेवा की," मी म्हणायची. "इतके दिवस आहे तर लळा लागलाच असेल."

"माझं घर म्हंजे स्टँड हाय, बाई. स्टँडवर कोन ऱ्हातंय?"

हे नेहमीचं उत्तर. मला त्याचा राग यायचा. गावभराच्या घरांची परीक्षा घेणारा हा माणूस स्वतः कधी एकही कुत्रं ठेवत नसे. बायको सुमतीक्का जाऊन चार वर्षं झालेली. घर रिकामं. दाराला आतून कडी नाही, ती त्यांनी मधेच कधीतरी काढून टाकलेली. मी म्हटलं, वेडगळपणा, दुसरं काय.

शेवटी म्हातारीसाठी मीच स्थळ आणलं. संकेश्वरच्या शेवंताक्का. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, माझ्या मावसबहिणीच्या शेजारी. लग्न केलं नाही, अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केली. त्यांचं जुनं कुत्रं वर्षापूर्वी गेलं होतं आणि त्या बहिणीजवळ म्हणाल्या होत्या, म्हातारंच असलं तरी चालेल, मी तरी कुठे तरणी आहे.

म्हातारीला घेऊन आम्ही वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून गेलो. जिनाप्पा उंबऱ्यात उभे राहिले, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. "एक नंबर," ते हळूच म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले. एकटी बाई, पण बुट्टीत सहा भाकऱ्या. "एवढ्या कशाला हो?" तर म्हणाल्या, "असूं देत की. कोन आलं गेलं तर?" मी बाहेर येऊन जिनाप्पांना बोटांनी सहा दाखवले. तोवर म्हातारी जाऊन शेवंताक्कांच्या जात्याशेजारी पसरली होती. म्हणजे मुलीचाही होकार. मी चहाचा कप उचलला.

"घरात मानसं किती?" जिनाप्पांनी विचारलं.

"मी एकटीच."

"कायमच्या एकट्या? राती बी?"

"व्हय. मग काय पलटन ठेवू?"

जिनाप्पा उठले. चहा तसाच. म्हातारीला उचलून घेतलं आणि म्हणाले, "चला बाई. जमायचं न्हाय."

शेवंताक्का कप उचलून आत गेल्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. परतीच्या जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. जिनाप्पा म्हातारीला मांडीवर घेऊन दुसऱ्या खिडकीकडे. पुढे चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आमचे हे तेवढे खुशीत होते.

पाचव्या दिवशी मात्र मला राहवेना. मनात पाच-सहा वाक्यं घोळवून समोर गेले. जिनाप्पा परड्यात म्हातारीला भाकरी कुस्करून घालत होते.

"आप्पा, त्या बाईंचा काय गुन्हा होता? एकटं माणूस म्हणजे माणूसच नव्हे? आणि तुमचे सगळे नियम त्या बिचारीपाशीच का?"

भाकरी कुस्करता कुस्करताच ते म्हणाले, "ही शेतात घावली न्हाय बाई. मी खोटं सांगिटलंतं तुमास्नी."

त्या गावात एक निवृत्त मास्तर होते. एकटेच. ही त्यांची. एका रात्री मास्तर झोपले ते उठलेच नाहीत. दाराला आतून कडी. शेजाऱ्यांना वाटलं, लेकाकडे पुण्याला गेले. कुत्रं भुंकत होतं, तर लोक म्हणाले, मास्तरांनी कोंडून ठेवलंय वाटतं. तीन दिवस. दार फोडल्यावर ती कुणाला जवळ येऊ देईना, म्हणून जिनाप्पांना बोलावणं गेलं.

"आत गेलो तर ही खाटंखाली. पान्याचं भांडं कोरडं ठाक. ओरडून ओरडून आवाज बसल्याला. तवापासनं भुंकत न्हाय ती." त्यांनी कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला. "हिला पुन्यांदा तसल्या घरात कशी देऊ? आनि मी तरी कशी ठेवून घेऊ, सांगा. माझ्या घरात तरी कोन हाय? घरी आलो त्या दिशी, आनि पैली आतली कडी काढून टाकली."

मी घोळवलेली सगळी वाक्यं विसरले. इतके दिवस समोर राहत होते, रोज त्यांच्या दाराकडे बघत होते, आणि मला वेडगळपणा दिसला होता. मला स्वतःचा राग आला. आणि राग आला की मी मोठ्याने बोलते, ही शाळेतली सवय.

"मग एकट्या माणसांनी करायचं काय, आप्पा? घरात कुणी नाही म्हणून कुत्रं नाही, कुत्रं नाही म्हणून घरात कुणी नाही. याला शेवट कुठे?"

जिनाप्पांना असं कुणी विचारलं नसावं. हातातला भाकरीचा चुरा झटकून म्हणाले, "त्या बाई रोज सकाळी सातला फोन करतील? म्हातारी कशी हाय, एवढं सांगाया. फोन आला न्हाय, की मी पैली गाडी धरनार. हे कबूल असंल तर बगू."

मी तिथूनच शेवंताक्कांना फोन लावला. आधी त्यांची चांगली बोलणी ऐकून घेतली. ती मला मिळायलाच हवी होती. मग सगळं सांगितलं. पलीकडून खणखणीत आवाजात, "करीन की. सातला म्हंजे सातला. पर त्येनी उचलायचा. न्हाय उचलला तर मी काय समजायचं?"

"माझं काय हाय त्यात," जिनाप्पा कुरकुरले. "मी हितंच हाय की."

म्हातारी पोत्यासकट संकेश्वरला गेली. या वेळी जिनाप्पांनी चहा घेतला, दोन कप. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीचं घड्याळ बदललं. सात वाजले की जिनाप्पा ओट्यावर, फोन कानाला. ऐकायला कमी येतं म्हणून फोनचा आवाज मोठा, आणि फोन लांबचा म्हणून यांचा त्याहून मोठा. म्हातारी जेवली का, पोट साफ झालं का, याची बातमी कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत पोचायची. पहिला महिना असाच गेला. दुसऱ्या महिन्यात पलीकडचा आवाज विचारू लागला, "तुमी रक्तदाबाची गोळी घेटली का?" आणि इकडून, गृहपाठ न केलेल्या पोरासारखं, "घेतो की आता." म्हातारीचं आटोपून पुढची दहा मिनिटं काय बोलत असत कोण जाणे, कारण तेव्हा जिनाप्पा चक्क हळू बोलत.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवार होता. सकाळी नऊच्या सुमाराला कोपऱ्यावर वडापची जीप थांबली आणि तीतून शेवंताक्का उतरल्या. एका हातात दवाखान्याची जुनी पिशवी, दुसऱ्या हातात म्हातारीचा पट्टा, वेणी अर्धीच घातलेली. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ समोरचं दार ढकलून आत. मी तशीच मागे धावले.

जिनाप्पा परड्यात दोरीवर कपडे वाळत घालत होते.

शेवंताक्का दारात थांबल्या. चौकट धरून उभ्या राहिल्या. धाप ओसरल्यावर म्हणाल्या, "फोन कुठाय?"

"आं? तुमी?" जिनाप्पांच्या हातात ओला सदरा. "सदऱ्याच्या खिशात ऱ्हायला वो. रातीच सदरा भिजत घाटलाय बादलीत. सातपासनं हुडकतोय, आता पिळताना बगतोय तर..." त्यांनी तुळशीकट्ट्यावर उन्हात ठेवलेला फोन दाखवला. पाणी अजून निथळत होतं.

"सातपासनं सत्रा डाव लावला मी."

"मग बाईंस्नी तरी लावायचा. एवढ्यासाठी गाडी धरून कशापायी यायचं?"

"बाईंचा लागंना. ठरलंतं काय आपलं? न्हाय उचलला तर पैली गाडी. का ते फकस्त कुत्र्यापुरतं हाय?"

माझा फोन लागेना, कारण रविवार म्हणून मी तो बंद करून झोपले होते. मी ते त्या वेळी बोलले नाही. सदरा दोरीवर टाकायचा राहून गेला, पिळ्यासकट तसाच हातात घेऊन जिनाप्पा पायरीवर बसले. म्हातारी त्यांच्याकडे गेली आणि पायाशी लवंडली. शेवंताक्कांनी पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि न विचारता त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. त्यांनी गुमान दंड पुढे केला.

"बाई," यंत्र फुगत असताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमती गेल्यापास्नं माझ्यासाठी कोन गाडी धरून आलं न्हवतं."

मी "दूध उतू जातंय" म्हणून घरी पळाले. दूध चुलीवर नव्हतंच.

दुपारी शेवंताक्का गेल्यावर जिनाप्पा मला घेऊन फोनच्या दुकानात गेले. नवा फोन, मोठ्या बटणांचा. त्यात पहिला नंबर घालायचा तर नाव काय लिहायचं, मी विचारलं. शेवंताक्का लिहू, की संकेश्वर लिहू, की नर्सबाई?

"घर," ते म्हणाले. "घर म्हनून लिवा."

मी त्यांच्याकडे बघितलं. जिनाप्पा दुकानातल्या भिंतीकडे बघत होते.

"म्हातारीचं घर वो," ते म्हणाले. "लिवा की, बाई. सात वाजाच्या आत झालं पायजे."

तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी लिहिलं.